शंभर वॉटचा संशय

मशीन दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि मला पहिला संशय आला. ते जड होतं.

लाउडस्पीकरच्या धंद्यात अँप्लिफायरला नुसतं मशीन म्हणतात. आणि मशीन जड असणं ही खरं तर चांगली गोष्ट. आतले ट्रान्सफॉर्मर लोखंडाचे आणि तांब्याचे असतात. माल जास्त, तर ताकद जास्त. आदल्याच दिवशी इतवारीतल्या एका दुकानात मी '२०० वॉट' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं मशीन एका हाताने उचललं आणि तसंच परत ठेवलं होतं. माझ्या मुलीचं दप्तर त्याहून वजनदार असतं. तिथे संशय हलकेपणाचा होता. इथे, गोळीबार चौकात मारोतराव हेडाऊंच्या दुकानात, तो जडपणाचा होता. इतकं भरलेलं शंभर वॉटचं मशीन हा माणूस स्वस्तात का काढतो आहे?

"काहून विकून राहिले, मारोतराव?"

"दुसरं घेतलं ना बापू. बॅटरीवर चालते ते. भिवापूरकडच्या लग्नात ऐन मंगलाष्टकाले लाईट जाते. मंग हे व्हॉल्व्हचं मशीन काय कामाचं? अन् उचलता उचलता कंबर गेली माही."

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तरांचा मला फार संशय येतो.

माझं महाल भागात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. ही गोष्ट घडली तेव्हा नागपुरात टीव्ही यायचा होता, त्यामुळे दुकानाला थोडा मानही होता. हेडाऊ लाउडस्पीकर सर्व्हिसवाले. लग्न, सभा, गणपती, जिथे चार माणसं जमतील तिथे त्यांचे भोंगे. त्यांनी मला एकदा एक माईक विकला होता. तो दुकानात उत्तम बोलला आणि घरी आल्यावर त्याने मौन धरलं. बदलून दिला त्यांनी दुसऱ्या दिवशी, पण मी ते सोडून देतो आणि मौन तेवढं लक्षात ठेवतो. स्वभाव.

मशीन माझ्यासाठी नव्हतं. माझ्यासोबत मिलिंद गजभिये होता, त्याच्यासाठी होतं. मिलिंद इंदोऱ्याचा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून आणि सुटीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे मास्टर म्हणत. मास्टरांनी त्याला सरळ सांगितलं होतं, जयंतीच्या प्रोग्रामला तुझी गिटार मागच्या रांगेत ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर तुझ्या जागी ऑर्गनवाला.

इंदोऱ्यात जयंती म्हटलं की चौदा एप्रिल. दुसरी कुठली, असं कोणी विचारत नाही. आदल्या संध्याकाळी मैदानावर भीमगीतांचा कार्यक्रम, आणि समोर मिलिंदची सगळी वस्ती, सगळं घर. मागच्या वर्षी त्याची गिटार गायकांच्या माईकसोबत एकाच मशीनला जोडली होती. गायकांनी ती गिळून टाकली.

"भाऊ, घरी गेलो तं माय म्हणे, तू स्टेजवर करून काय राहिला होता?" हे त्याने मला हसत सांगितलं होतं, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. आणि हातात आता दहा दिवस होते.

थोडं समजावून सांगतो. गिटारच्या तारेतून निघणारा विजेचा आवाज इतका नाजूक असतो की त्याने डाससुद्धा दचकणार नाही. त्याला आधी प्री-अँप लागतो आणि मग पॉवर अँप. प्री-अँप म्हणजे कोर्टातला कारकून. कागद नीट लावतो, शिक्का मारतो. पॉवर अँप म्हणजे दाराशी उभा राहून नावाचा पुकारा करणारा पट्टेवाला. कारकून कितीही हुशार असला तरी पट्टेवाल्याला घसा नसेल तर पक्षकार बाहेर बसूनच राहतो.

कारकून मी स्वतः बनवला होता, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. गिटारसाठी केलेला माझ्या हातचा पहिलाच प्री-अँप, म्हणून त्याच्याबद्दल मला जराही संशय नव्हता. आता पट्टेवाला हवा होता. मुंबईचं नवं मशीन मिलिंदच्या पगाराबाहेर आणि इतवारीचं हलकं मशीन माझ्या विश्वासाबाहेर. उरले हेडाऊ.

मी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. वरच्या झाकणाचे चारही स्क्रू लाख ओतून बंद केलेले.

"हे काय?"

"सील आहे. कामठीवाल्यापासून घेतलं तवापासून तसंच आहे. त्याच्या मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं म्हणे, खोलू नका. मी नाही खोललं. चालते तं काहून खोलाचं?"

"कोण मिस्त्री?"

"आता मले काय माहीत गा? कामठीवाला तं दुकान बंद करून पोराजवळ भोपाळले गेला. तुम्ही मशीन घेऊन जा, वाजवून पाहा. पैशाचं मंग पाहू."

स्वस्त, सीलबंद आणि वर पैसे नंतर! तीन संशय एका वाक्यात. पण दिवस दहाच होते. मिलिंद मशीन मांडीवर घेऊन सायकलरिक्षात बसला. मी मागून सायकलवर, मशीनवर नजर ठेवून. कोणी वाटेत ते बदलून टाकील अशी मला भीती होती. कोण बदलणार आणि चालत्या रिक्षात कसं, एवढा विचार मी केला नव्हता.

दुकानाच्या मागेच आमचं घर आहे. वॉट मोजायचे तर खरा स्पीकर लावून चालत नाही, कान फाटतात आणि शेजारी येतात. म्हणून स्पीकरच्या जागी तेवढ्याच ओझ्याची तार लावतात. विजेच्या शेगडीच्या कॉइलचा तुकडा या कामाला फार छान. कॉइल घरात होती. शेगडीत होती, एवढंच.

"चहा कशावर करू आता?" माझी बायको सुमन म्हणाली.

"तासाभराचं काम आहे."

"मागच्या वेळी इस्त्रीच्या वेळेला हेच म्हणाला होतात."

आठ ओहमचा तुकडा मोजून कापला, तापू नये म्हणून पाण्याच्या कुंडीत सोडला. मशीनला एक सरळ सूर दिला, व्हॉल्यूमचं बटण दहावर नेलं आणि मीटर लावला. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल असा आहे: जितके व्होल्ट येतील त्यांना त्यांनीच गुणायचं आणि आठाने भागायचं. शंभर वॉट असतील तर अठ्ठावीस व्होल्ट आले पाहिजेत.

आले पंधरा. म्हणजे अठ्ठावीस वॉट.

मी आधी घरातल्या विजेवर संशय घेतला. एप्रिलमध्ये गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की लाईट मरतुकडी होते. पण दोनशेवीस बरोबर होते. मग मीटरवर संशय घेऊन त्याचा सेल बदलला. व्होल्ट मोजायला त्या मीटरला सेल लागतच नाही, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे, तरी बदलला. मग वायरी बदलल्या. पंधरा ते पंधराच.

मिलिंदने गिटार लावून पाहिली. त्याचा बारा इंची स्पीकर सुताराकडून बनवलेल्या पेटीत बसवून तयार होता. आवाज आला, पण बटण वाढवावं तसा तो मोठा होण्याऐवजी फाटायला लागला. धोतर टरकावं तसा. दम काहीच नाही.

"भाऊ, हे तं मंडपाच्या मशीनपेक्षा वाईट आहे."

"फसवलं आपल्याला," मी म्हणालो. "तीस वॉटचं मशीन आहे. वरची पट्टी शंभरची लावली आहे. म्हणूनच लाख ओतली! आतला ट्रान्सफॉर्मर बदललेला असणार. तरीच म्हटलं."

असं म्हणताना मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही. मिलिंद मात्र गिटारच्या तारा सैल करत बसला होता. त्याच्यासाठी हे सुख नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एकटा हेडाऊंकडे गेलो. ते दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या पानठेल्यावर दोघं-तिघं उभे.

"मारोतराव, हे मशीन शंभर वॉटचं नाही."

"मंग कायचं आहे?"

"अठ्ठावीस. मी मोजलं. अठ्ठावीस व्होल्ट पाहिजे होते, पंधरा आले."

"आता अठ्ठावीस वॉट म्हणता, मंग म्हणता अठ्ठावीस व्होल्ट पाहिजे. पहिले तुमचं तुम्ही ठरवा ना बापू!"

पानठेल्यावर हशा पिकला. माझा आवाज चढला. "झाकणाला लाख काहून लावली ते सांगा. आत काय बदललं?"

हेडाऊ खुर्चीतून उठले. कंबरेमुळे त्यांना उठायला वेळ लागला, त्यामुळे ते जास्तच रागावलेले दिसले.

"तुम्ही मले चोर म्हणून राहिले का? ह्या चौकात? ऐका मंग. तोडा ते सील. आत कोणी माल बदलला असन, काही खोट निघाली, तं मशीन फुकट घेऊन जा. त्या पोराले माह्याकडून बक्षीस. अन् नाही निघाली तं इथं यायचं, ह्याच जागेवर, चार लोकांत सांगाचं का हेडाऊचा माल खरा अन् मी मूर्ख. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो. मला खात्रीच होती.

त्या दिवशी पार्सल ऑफिसातून मिलिंद थेट माझ्याकडे आला. त्याच्यासमोरच मी चाकू तापवून लाख काढली. काढता काढता, ती ओतणाऱ्या मिस्त्रीला मी बरंच काही बोललो. गाढव हा त्यातला सौम्य शब्द होता. सुमन चहा घेऊन आली होती. कापलेला तुकडा जोडून कॉइल मी परत बसवली होती, पण आता चहाला आधीच्या दुप्पट वेळ लागतो असं तिचं म्हणणं होतं. ती ऐकत उभी राहिली.

झाकण निघालं. आत धूळ. ट्रान्सफॉर्मर मूळचेच, कंपनीचा रंगसुद्धा शाबूत. चारही मोठे व्हॉल्व्ह, तापले की उजळणाऱ्या त्या काचेच्या नळ्या, जागेवर. काहीही बदललेलं नाही. मग व्हॉल्यूमच्या बटणाच्या मागे माझी नजर गेली. तिथे एक छोटा रेझिस्टर जोडलेला, पिवळ्या नळीत नीट लपवलेला. त्याचं काम एकच, आवाज अर्ध्यातच गिळायचा. बटण दहापर्यंत फिरतं, पण पुढे पोचतो तो पाचाचा माल. गिटार फाटत होती तीही त्यामुळेच. पुढे वाट अरुंद आणि मागून आमचा प्री-अँप जोरात ढकलणार. मग दाराशी चेंगराचेंगरी होणारच.

"हे पाहा!" मी म्हणालो. "हे कोण्या दीडशहाण्याने..."

"झाकणात काही लिहिलं आहे," सुमन म्हणाली.

झाकण तिच्याजवळ पडलं होतं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आवाज अर्धा केला आहे. कोणाला सांगू नये.'

सुमनने ते मोठ्याने वाचलं. मग शांतपणे म्हणाली, "इतकं घाणेरडं अक्षर साऱ्या नागपुरात एकच माणूस काढतो."

मी पाहिलं. अक्षर माझं होतं.

मग सगळं आठवत गेलं, एकेक करून, आणि प्रत्येक आठवण आधीचीपेक्षा वाईट. लग्नाच्या मंडपात वऱ्हाडी मंडळी मशीनचं बटण पुरतं फिरवत. भोंग्याच्या मागे जो बोलणारा भाग असतो, ज्याला युनिट म्हणतात, तो त्या जोराने जळून जाई. म्हणून सर्व्हिसवाले मालक गुपचूप माझ्याकडे येत: आवाज अर्धा करून द्या, पण आमच्या ऑपरेटरलाही कळू देऊ नका, नाहीतर तो काढून टाकील. मी रेझिस्टर लावायचो, झाकणाला लाख ओतायचो. अशी वीस-पंचवीस मशीनं तरी केली असतील. कामठीवाला त्यातला एक. आणि ते गुपित मी इतक्या इमानाने पाळलं होतं की स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग मिलिंद खाली पाहत म्हणाला, "भाऊ, खोट तं निघालीच ना."

खरं होतं ते. पैजेच्या शब्दांत पाहिलं तर खोट निघाली होती. रेझिस्टर काढून टाकायचा, हेडाऊंना म्हणायचं आत गडबड होती, आणि मशीन फुकट. मिलिंदच्या पगारावरचं ओझं गेलं असतं. टेबलावर खोडरबर होतं. मी खोडरबराकडे पाहिलं. सुमनने माझ्याकडे पाहिलं.

"जाऊन या," ती म्हणाली. "चार लोकांत मूर्ख म्हणवून घ्यायला तुम्हाला वेळ तो किती लागणार?"

मी रेझिस्टर काढला, शेगडीतला तो तुकडा पुन्हा कुंडीत सोडला आणि मोजलं. सत्तावीस व्होल्टच्या वर काटा. इतक्या वर्षांच्या व्हॉल्व्हना त्याहून जास्त मागणं बरं नव्हे. गिटार लावली तेव्हा कपाटातल्या बशा वाजल्या आणि मिलिंदने पहिल्यांदा मान वर केली. "भाऊ, हे पाहिजे होतं!"

दुसऱ्या दिवशी मी आणि मिलिंद मशीन घेऊन हेडाऊंकडे गेलो. हेडाऊ 'चार लोक' म्हणाले होते; पानठेल्यावर बारा-तेरा जमले होते. हेडाऊंनी निरोप धाडले असावेत असा मला संशय आहे. मी सगळं सांगितलं, झाकणासकट दाखवलं.

"जोरात बोला बापू," हेडाऊ म्हणाले. "शंभर वॉटमध्ये."

मी जोरात सांगितलं. लोक पोट धरून हसले. हेडाऊही हसले आणि मग अचानक थांबले. त्यांनी झाकण हातात घेतलं.

"म्हणजे मी घेतलं तवापासून हे अर्ध्यातच चालून राहिलं होतं?"

"हो."

"लोक म्हणे हेडाऊच्या भोंग्याले दम नाही. दोन गणपती गेले माह्या हातचे. मी म्हटलं मशीन म्हातारं झालं, म्हणून तं काढून टाकतो." त्यांनी मशीनवर हात ठेवला. "बापू, मंग आता मी हे काहून विकू?"

याचा मी विचारच केला नव्हता. खरं बोलून मिलिंदचं मशीन मी त्याच्या हातून घालवत होतो. खोडरबर वापरलं असतं तर ते आतापर्यंत इंदोऱ्यात पोचलं असतं. मिलिंदने गिटारची पिशवी फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

बोलला तो पानठेलेवाला. "मारोतराव, तुम्हीच तं म्हटलं होतं ना ह्या चौकात, पोराले देतो म्हणून? मी चुना लावता लावता ऐकलं."

"ते खोट निघाली तं म्हटलं होतं."

"मंग खोट नाही, तं विकत द्या. बक्षीस नका देऊ. सौदा तं मोडू नका."

माझी फजिती पाहायला जमलेले सगळे आता हेडाऊंकडे पाहू लागले. आपणच गोळा केलेल्या लोकांसमोर माणूस फार अडकतो. हेडाऊंनी एकदा मशीन उचलून पाहिलं, अर्ध्यात कंबर धरली आणि खाली ठेवलं.

"घेऊन जा गा पोरा. ठरलं तेवढ्यातच. पण बापू, माह्या नव्या मशीनची दुरुस्ती आता तुमच्याकडे. फुकट. मी आहे तोवर." मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत म्हणाले, "त्याच्यात तं काही घालून नाही ठेवलं ना तुम्ही?"

मी नाही म्हणालो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेरा तारखेला मी इंदोऱ्याच्या मैदानावर मुद्दाम शेवटच्या रांगेच्याही मागे उभा राहिलो. स्टेजवर मिलिंदच्या मागे त्याची पेटी आणि ते मशीन. झाकण काढूनच ठेवलं होतं, त्यामुळे तापलेल्या व्हॉल्व्हचा लालसर उजेड लांबूनही दिसत होता. पहिलं गाणं सुरू झालं. ढोलकी, गायक, कोरस, आणि त्या सगळ्यांमधून वाट काढत गिटार आली. मोठी नव्हती, स्वच्छ होती. दोन कडव्यांच्या मध्ये मिलिंदने एक लहानसा तुकडा वाजवला आणि पुढच्या बायकांपैकी कोणीतरी मागे वळून दुसरीला स्टेजकडे बोट दाखवलं.

माझ्या शेजारी येऊन कोणी उभं राहिलं. मास्टर होते. स्टेज सोडून तेही शेवटच्या रांगेमागे ऐकायला आले होते. तेही संशयी.

"मशीन कोणाचं?"

"गजभियेचंच."

"हुं." ते एक आख्खं गाणं तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात रामटेकला प्रोग्राम आहे. त्याले सांगा, येताना हे घेऊन ये म्हणावं. ऑर्गनवाल्याले मी नाही म्हणून सांगून देतो."

मिलिंद अजून वाजवतो. हेडाऊंचं नवं मशीन वर्षातून दोनदा तरी माझ्याकडे येतं आणि ते बसतात समोर, मी आत काय करतो ते पाहत. अजून त्यांचा विश्वास बसलेला नाही, आणि त्यांचं काही चुकत नाही.

एक बदल मात्र माझ्यात झाला. दुसऱ्याचं मशीन उघडलं की आधीच्या मिस्त्रीला मी शिव्या देत नाही. निदान झाकणाची आतली बाजू पाहिल्याशिवाय देत नाही. नागपुरात मिस्त्री मोजकेच आहेत, आणि त्यातला एक मी आहे.